उशाची बाजू

"थांबा! कुणी हात लावू नका!"

उत्खनन करणारे पुरातत्त्वज्ञ डॉ. प्रॉसर एवढ्या जोरात ओरडले की कुरणातल्या मेंढ्याही दचकल्या. खड्ड्यातल्या दोन विद्यार्थ्यांनी फावडी खाली टाकली. मातीतून एक बूट डोकावत होता. चामडं कुजलं होतं, पण टाच शाबूत होती. ती रबराची होती आणि तिच्यावरचं कारखान्याचं नाव वाचता येत होतं.

हॅवरथॉर्प गाव ओस पडून सहाशे वर्षं झाली होती. तेव्हा रबरी टाचा नव्हत्या.

आमच्या लिंकनशायरात अशी मेलेली गावं ढिगाने आहेत. कुठे साथीने माणसं गेली, कुठे मालकाने माणसं हाकलून मेंढ्या आणल्या. हॅवरथॉर्पमध्ये आता नुसते उंचवटे आणि खळगे उरलेत. एरवी बघायला जाल तर पायाला खाजकुयलीशिवाय काही मिळत नाही. पण १९७६चा तो उन्हाळा भलताच होता. दोन महिने थेंब नाही, रस्त्यावरच्या नळाला बादल्यांची रांग, आणि कुठून कोण जाणे आलेले काळ्या ठिपक्यांचे लाल किडे अंगाखांद्यावर चढून चक्क चावत होते. सगळं गाव चिडचिडं झालं होतं.

त्या दुष्काळात कुरणातलं गवत वाळलं आणि मातीखाली गाडलेल्या भिंती वर पिवळ्या रेघांनी उमटल्या. कुणीतरी विमानातून फोटो काढला. फोटोत गल्ल्या दिसल्या, घरं दिसली, आणि जुन्या नकाशात तिथे नसलेलं एक छोटं चर्च दिसलं. त्या चर्चच्या पोटात सात फूट लांब आणि अडीच फूट रुंद असा एक हिरवागार चौकोन होता. एकदा खणलेली माती भुसभुशीत राहते, ओल धरून ठेवते. डॉक्टरसाहेबांना वाटलं, गावातली एखादी जुनी कबर असणार. सरकारची परवानगी काढून ते आले आणि हे निघालं.

तासाभरात जिल्ह्याच्या ठाण्यातून सार्जंट म्युरिएल ऑडलिंग आल्या. चाळिशीच्या, ठेंगण्या, आणि प्रश्न विचारून झाल्यावर गप्प बसायची कला अवगत असलेल्या.

"काय कळलं?" त्यांनी विचारलं.

"पुरुष आहे. उंच, सहा फूट दोन इंच तरी. कवटीला मागून तडा गेलाय. दहा ते पंधरा वर्षं झाली असावीत." डॉ. प्रॉसर थांबले. "आणि सार्जंट, हा उलटा पुरलाय."

"पालथा?"

"उताणाच आहे. पण उसं पूर्वेला आहे, त्या हॉथॉर्नच्या झाडाकडे. आपल्याकडे डोकं पश्चिमेला ठेवतात. शेवटच्या दिवशी माणूस उठून बसला की तोंड उगवतीकडे हवं, म्हणून."

"मारेकऱ्याने घाईत टाकला असेल."

"घाईत? खड्ड्याच्या कडा बघा, ओळंबा लावून तासल्यासारख्या आहेत. वरची हिरवळ पट्ट्यापट्ट्यांनी कापून परत बसवली होती. आणि हात छातीवर जोडलेत. घाईत कोण मेलेल्याचे हात जोडत बसतं?"

सार्जंटबाईंनी खड्ड्याभोवती एक फेरी मारली.

"या जागी चर्च होतं, हे आधी कुणाला ठाऊक होतं?"

"कुणालाच नाही. जुन्या नकाशात ते पार तळ्यापाशी दाखवलंय. या जुलैत फोटो आला तेव्हा आम्हाला कळलं."

"मग हा खड्डा बरोबर चर्चच्या आत कसा पडला?"

डॉक्टरांनी खांदे उडवले.

"डोक्याची बाजू कुणाला सांगायची नाही," सार्जंटबाई म्हणाल्या. "पोरांनाही ताकीद द्या. आणि वर ताडपत्री ओढा, चारी कडांनी सारखी."

एका डब्यात त्यांनी मातीतून निघालेलं एक चांदीचं फाउंटन पेन घेतलं. त्यावर नाव कोरलेलं होतं: ऑब्री.

*

हे नाव ऑर्म्सगेटमध्ये कुणाला विचारायची गरज नव्हती. ऑर्म्सगेट म्हणजे आमचं गाव, हॅवरथॉर्पपासून मैलभर पश्चिमेला. तेरा वर्षांपूर्वी, ऑक्टोबरातल्या एका शनिवारी, ऑब्री मॉवर नाहीसा झाला. म्हाताऱ्या रेव्हरंड एल्विज यांच्या हाताखालचा तरुण पाद्री. त्याची सायकल रेल्वे स्टेशनावर सापडली. डॉर्कस स्टेनेटशी त्याचं लग्न ठरलं होतं.

पळाला, असं गाव म्हणालं. पळायची कारणंही गावानेच पुरवली: डॉर्कसचं नाक, डॉर्कसची जीभ, डॉर्कसचा बाप. तिने पुढे लग्न केलं नाही. शाळेत शिकवते आणि बापाचं घर सांभाळते. तिच्या पाठीमागे आम्ही सगळेच बोललो, मीही बोललो. आता नाही म्हणण्यात काय अर्थ आहे?

त्याच दिवशी संध्याकाळी पाचला डॉर्कस कुरणात आली. सायकलवरून उतरली तेव्हा तिच्या हातात डेलियाची फुलं होती, आंघोळीच्या पाण्यावर जगवलेली. मागून तिचा बाप ॲमोस टोपी हातात घेऊन चालत येत होता. बुटका, रुंद खांद्यांचा, एकोणसत्तर वर्षांचा. चाळीस वर्षं तो आमच्या चर्चची घंटा वाजवतो आणि आमच्या कबरी खणतो. आमच्यापैकी निम्म्यांचे आईबाप त्याने खाली सोडलेत.

सार्जंटबाईंनी डबा उघडला. डॉर्कसने पेन हातात घेतलं नाही, नुसतं पाहिलं.

"मी दिलेलं. साखरपुड्याला." मग तिने ताडपत्रीकडे बोट केलं. "म्हणजे तो गाडीत बसलाच नव्हता?"

"नाही."

"गेलाच नव्हता कुठे?"

"नाही, मिस स्टेनेट."

डॉर्कस हसली की रडली ते सांगता येणार नाही. "तेरा वर्षं," ती म्हणाली. "तेरा वर्षं मी पोस्टमनची सायकल वाजली की खिडकीशी जातेय. सार्जंट, मला एकच सांगा. तो मला टाकून जाणार होता का? त्या दिवशी तो कुठे निघाला होता?"

"ते शोधायलाच मी आलेय. तुम्ही त्या शनिवारी कुठे होतात?"

"मावशीकडे, लिंकनला. रविवारी परतले."

"आणि तुम्ही, मिस्टर स्टेनेट?"

"मी कुठे असणार?" ॲमोस म्हणाला. "विधवा लीकबाईंची कबर खणत होतो. सोमवारी पुरायचं होतं त्यांना. आमच्याकडे तो आला नाही त्या दिवशी."

"ही सायकल चांगली आहे," सार्जंटबाई सहज बोलल्यासारखं बोलल्या.

"त्याचीच आहे," डॉर्कस म्हणाली. "स्टेशनावरून आणली तेव्हा रेव्हरंडसाहेबांनी मला देऊन टाकली. पोरी हसायच्या, नवरा गेला आणि सायकल ठेवून गेला म्हणून. मी वापरते. मला अगदी मापाची आहे, कधी पाना लावावा लागला नाही."

"ऑब्रींना या जुन्या गावाची माहिती होती?"

"माहिती? वेड होतं! बाबांची लोखंडी सळई घेऊन महिनाभर जमिनीत टोचत फिरायचा. बाबा त्याच सळईने जुन्या कबरी शोधतात ना."

डॉर्कस ताडपत्रीच्या पश्चिमेच्या टोकाशी गुडघे टेकून बसली आणि फुलं तिथे ठेवली. ऑर्म्सगेटच्या चर्चच्या मनोऱ्यावरून ऊन सरळ डोळ्यांत येत होतं, सार्जंटबाईंनी कपाळावर हात धरला. ॲमोस जरा वेळ अस्वस्थपणे टोपी चाळवत राहिला. मग वाकून त्याने फुलं उचलली आणि दुसऱ्या टोकाशी, हॉथॉर्नच्या बुंध्याकडे नेऊन ठेवली.

"इथे ठेव, पोरी," तो म्हणाला. "झाडाच्या सावलीत टिकतील."

त्याने डोकं झुकवलं. एक लाल किडा त्याच्या मानेवर चढत होता, पण त्याने तो झटकला नाही.

*

शुक्रवारी सकाळी सार्जंटबाई मेजर डाऊस यांच्याकडे गेल्या. कुरण त्यांचं. धिप्पाड माणूस, आणि त्या दिवशी आधीच तापलेला, कारण पोलिसांच्या गाड्यांनी त्यांचं फाटक मोडलं होतं.

"तुमचं ऑब्री मॉवरशी भांडण होतं?"

"असणारच! त्या किडकिडीत बांबूने माझं चाळीस एकर कुरण सरकारदप्तरी लावलं. जुनं गाव म्हणे! नांगर घालायचा नाही, खड्डा खणायचा नाही, खुंटीसुद्धा ठोकायची नाही. पाटी पाहिलीत ना फाटकावर?"

"पाटी कधी लागली?"

"तो गायब झाला त्याच्या आदल्या महिन्यात."

"म्हणजे पुरलेलं कायमचं सुरक्षित राहील, अशी जिल्ह्यातली एकच जागा."

मेजरसाहेबांचा चेहरा लाल झाला. "बाई, मला कुणाला गाडायचं असतं तर माझ्याकडे तीन पडक्या विहिरी आहेत."

"त्या शनिवारी कुठे होतात?"

"तेरा वर्षांपूर्वीच्या शनिवारी? तुम्ही कुठे होतात?"

"सायकल चालवता?"

"मी? माझे गुडघे कानाला लागतील!"

सार्जंटबाईंनी आभार मानले आणि मोडलेलं फाटक जपून लावून घेतलं.

रेव्हरंड एल्विज बागेत बसले होते. पहिल्या महायुद्धात त्यांचा उजवा पाय गुडघ्यात कायमचा ताठ झाला, तो पुढे लाकडी बाकावर पसरलेला होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे झाले तरी निवृत्तीचं नाव काढत नव्हते.

"तुमच्या आवारात मृताला कसं ठेवतात?"

"सगळ्यांना ठेवतात तसंच. डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला."

"अपवाद?"

"आम्ही." ते किंचित हसले. "पाद्र्यांना उलटं ठेवायची जुनी रीत आहे इथली. बाकीचे उठून उगवतीकडे बघतील, आणि आम्ही उठलो की आपल्या माणसांकडे तोंड हवं. माझ्याआधीचे तिघं तसेच झोपलेत. आता तरुणांना हे माहीत नसतं. मला माहीत आहे आणि ॲमोसला..."

ते मध्येच थांबले. "तुम्ही हे का विचारताय?"

सार्जंटबाई गप्प राहिल्या. शेवटी म्हातारबुवांनीच तोंड उघडलं.

"मी एक गोष्ट लपवली. ऑब्रीला न्यूझीलंडला बोलावणं आलं होतं. पाद्री आणि त्याची पत्नी, दोघांना. डॉर्कस लिंकनहून परतल्यावर तो तिला सांगणार होता, चकित करायचं होतं त्याला. पण आधी ॲमोसच्या कानावर घालतो म्हणाला. शनिवारीच. नंतर तिकडून पत्र आलं, तो पोचलाच नाही म्हणून. मला वाटलं, सगळ्यांनाच फसवून भलतीकडे गेला. तिला सांगून जखमेवर मीठ कशाला चोळायचं?"

"तेरा वर्षं?"

"मी भित्रा माणूस आहे, सार्जंट."

"ॲमोसला कधी विचारलंत?"

"विचारलं. तो आलाच नाही म्हणाला. ॲमोस खोटं बोलत नाही."

*

शनिवारी दुपारी चारला सार्जंटबाईंनी पाच जणांना हॅवरथॉर्पच्या कुरणात बोलावलं: डॉर्कस, ॲमोस, रेव्हरंडसाहेब, मेजर आणि डॉ. प्रॉसर. कुंपणापलीकडे अर्धं गाव जमलं होतं, बोलावलेलं नसताना. वारा पूर्ण पडला होता. मेंढ्यासुद्धा एका जागी थांबत नव्हत्या.

"मी थोडक्यात सांगते," सार्जंटबाई म्हणाल्या. "ऑब्री मॉवर इथे मेला. मारणाऱ्याने त्याला पुरलं आणि त्याची सायकल स्टेशनावर नेऊन ठेवली, गाडीने गेला असं वाटावं म्हणून. सायकलवर मारणारा स्वतःच बसून गेला. ऑब्री सहा फूट दोन इंचांचा. त्याच्या पायाला पुरावी अशी बैठक वर चढवलेली असणार. पण सायकल मिस स्टेनेटना मिळाली तेव्हा ती त्यांना मापाची होती, आणि त्यांनी कधी पाना लावला नाही. म्हणजे मधल्या वेळात कुणीतरी बैठक खाली केली. बुटक्या माणसाने."

मेजरांनी सुस्कारा सोडला.

"मेजर यात बसत नाहीत. रेव्हरंडसाहेबांचा पाय वाकत नाही, ते सायकलवर चढूच शकत नाहीत. दुसरी गोष्ट. खड्डा बरोबर चर्चच्या आत आहे. हे चर्च कुणाला ठाऊक नव्हतं, पण ऑब्रीने ते शोधलं होतं. स्टेनेटांच्या सळईने. सापडल्याचं तो सगळ्यात आधी कुणाला दाखवेल? ज्याची सळई त्याला."

सगळे ॲमोसकडे बघू लागले. डॉर्कस मात्र सार्जंटबाईंकडेच बघत होती.

"माझ्यासारखे बुटके पुष्कळ आहेत," ॲमोस म्हणाला.

"आहेत. मीही आहे. पण मिस्टर स्टेनेट, गुरुवारी तुमच्या मुलीने फुलं त्या टोकाला ठेवली. कबर खणणाऱ्याची मुलगी आहे, उसं पश्चिमेला असतं हे तिला पाळण्यापासून माहीत. तुम्ही ती उचलून झाडाकडे ठेवलीत. सावलीत टिकतील म्हणालात. आता बघा, सूर्य कुठे आहे?"

कुणाला मान वळवायची गरज नव्हती. ऊन पश्चिमेकडून येत होतं. हॉथॉर्नची सावली झाडाच्या पलीकडे, कबरीपासून लांब पडली होती. डेलिया ज्या जागी ठेवले होते तिथे ते भर उन्हात करपून काळे पडले होते.

"गुरुवारी यापेक्षा तासभर उशीर झाला होता, सूर्य आणखी खाली होता. तिथे सावली नव्हती. तिथे त्याचं डोकं होतं. ताडपत्रीखाली उसं कोणतं आणि पायथा कोणता, हे डॉक्टरांच्या माणसांना आणि मला सोडून कुणाला माहीत नव्हतं."

"तो पाद्री होता," ॲमोस घाईने म्हणाला. "पाद्र्याचं उसं पूर्वेला. कुणालाही विचारा! मी आपला अंदाजाने..."

"अंदाजाने तुम्हाला एवढंच कळेल की तुम्ही त्याला कसं ठेवलं असतं. मारेकऱ्याने कसं ठेवलं, ते कसं कळेल? मारेकऱ्याला खड्ड्यात माणूस लोटून मोकळं व्हायचं असतं. हा तसा नव्हता. याने साडेपाच फूट खोल खणलं, कडा तासल्या, हात जोडले, पवित्र जमीन निवडली आणि पाद्र्याचा मान राखला. तेव्हाही सत्तावीस वर्षांची सवय होती, ती त्या दिवशीही सुटली नाही."

ॲमोसचे हात टोपीशी चाळा करत होते आणि मग अचानक थांबले.

"मला पायाच्या बाजूला फुलं बघवेनात," तो म्हणाला. "त्याच्या पायाशी ठेवली होतीस, पोरी."

डॉर्कस जागची हलली नाही.

"त्यानेच आणलं मला इथे. चर्च दाखवायला. धुकं होतं, दहा पावलांवरचं दिसत नव्हतं. लहान मुलासारखा खूश होता. इथे वेदी होती म्हणाला. मग म्हणाला, 'ॲमोस, मी डॉर्कसला घेऊन जातोय.' मी विचारलं कुठे. त्याने पाठ फिरवली आणि तिकडे उगवतीकडे हात केला. 'तिकडे, जगाच्या पार टोकाला.' माझ्या हातात सळई होती." त्याने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. "तुझी आई गेलेली. घरात दुसरं कोण होतं? मला फक्त एवढंच वाटलं की तू राहशील."

"लीकबाईंची कबर?" सार्जंटबाईंनी विचारलं.

"ती नंतर खणली. शनिवारी खांद्यावर फावडं घेतलेला मी, मला कोण विचारणार?"

डॉर्कस त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही, वर्गात हजेरी घेताना असतो तसाच होता.

"तेरा वर्षं मी तुम्हाला जेवायला वाढलं. रोज. आणि रोज वाढताना मनात एकच की मी कुणाला नको झालेली बाई आहे. तुम्ही समोर बसून खात होतात, बाबा. तुम्हाला एकदाही म्हणवलं नाही की तसं नाहीये?"

सार्जंटबाईंनी ॲमोसच्या दंडाला हात लावला आणि तो निमूट चालू लागला. फाटकापाशी सवयीने थांबून त्याने ते बाकीच्यांसाठी उघडं धरलं.

रेव्हरंडसाहेबांनी खिशातून एक जुना लिफाफा काढून डॉर्कसच्या हातात दिला. न्यूझीलंडहून आलेलं बोलावण्याचं पत्र होतं ते. तिने एकच ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि घडी घालून छातीशी धरली. पाद्री आणि त्याची पत्नी.

*

पुढच्या गुरुवारी ऑब्रीला ऑर्म्सगेटच्या आवारात आणलं. आमच्या गावाला आता कबर खणणारा राहिला नव्हता. शेजारच्या गावातून एक माणूस मागवला होता, आणि सुकून दगड झालेल्या त्या जमिनीत दोन दिवस त्याची कुदळ वाजत होती. झाडून सगळं गाव आलं होतं. चांगले कपडे, खाली घातलेल्या माना. तेरा वर्षं ज्याला पळपुटा म्हटलं त्याच्यासाठी कुणी गुलाब आणले होते, कुणी लिली.

खांदेकरी कबरीपाशी थांबले. परक्या माणसाने रेव्हरंडसाहेबांना हळूच विचारलं, "पाद्री आहेत ना? मग उसं पूर्वेला घेऊ?"

रेव्हरंडसाहेबांनी मान हलवायच्या आत डॉर्कस पुढे आली.

"नाही. सगळ्यांसारखं ठेवा."

"पण डॉर्कस, रीत आहे," ते म्हणाले. "त्याचं तोंड आपल्या माणसांकडे..."

"ही त्याची माणसं नाहीत." तिने आमच्याकडे पाहिलं, एकेकाकडे, सावकाश. मी नजर खाली घातली. "यांच्याकडे तोंड करून त्याला उठायचं नाहीये. शेजारची जागा मी मागून घेतलीय. मी येईन तेव्हा आम्हा दोघांचं तोंड एकाच बाजूला हवं."

खांदेकऱ्यांनी पेटी फिरवून घेतली.